तांबे हाती, शिसे मातीत

भोपाळ म्हटले की १९८४ ची ती वायूची रात्र आठवते. युनियन कार्बाइडने मागे ठेवलेले दुसरे विष मात्र भोपाळबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. कारखाना चालू असताना आवारात आणि लगतच्या तळ्यांत टाकलेली रसायने मातीतून झिरपत शेजारच्या वस्त्यांच्या भूजलात उतरली. आवारात साठवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला; जमिनीत मुरलेले कोणत्या ट्रकमध्ये भरणार?

देशातले पहिले ई-कचरा क्लिनिक जानेवारी २०२० मध्ये याच शहरात उघडले, याचे मला मोल वाटते. महापालिका आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हा प्रायोगिक उपक्रम होता. बंद पडलेली उपकरणे वेगळी गोळा करून शास्त्रशुद्ध प्रक्रियेसाठी पाठवायची, अशी ती कल्पना.

उपकरण शाबूत असते तोवर त्यातले विष बहुतांशी जागच्या जागी असते. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे घातलेले असे, तेही किलोच्या हिशेबात. सर्किट बोर्डावरचा जुना डाख म्हणजे कथील आणि शिसे. काच फुटली, बोर्ड तापवला की शिसे धुळीत आणि धुरात मिसळते. सोन्याच्या कणासाठी बोर्ड तेजाबात बुडवला, तर विरघळलेले धातू घेऊन ते गटारात जाते.

सर्वांत वाईट म्हणजे वायर जाळणे. वरच्या पीव्हीसी आवरणात क्लोरीन असतो. अर्धवट जळताना त्यापासून डायॉक्सिन बनतात आणि ज्या तांब्यासाठी हा खटाटोप, तेच या क्रियेला उत्प्रेरक ठरते. डायॉक्सिन चरबीत साठतात, वर्षानुवर्षे शरीरात राहतात.

शिशाचा मारा मुलांवर अधिक. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषतात, आणि घाव वाढत्या मेंदूवर बसतो. शिशाची सुरक्षित मात्रा अशी कोणतीच ज्ञात नाही.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. रीतसर पुनर्चक्रणाची नोंद त्यातल्या पाव हिश्श्याचीही नाही. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. पण भंगारवाला दारात येतो आणि रोख पैसे देतो. त्याला वगळून कोणतेही क्लिनिक चालणार नाही. न फोडलेला बोर्ड आणून देणाऱ्याला तिथे बाजारापेक्षा चांगला भाव मिळावा आणि वायर जाळण्याऐवजी सोलण्याचे यंत्र त्याला फुकट वापरता यावे.