उलाळ गाडी

नाशिक शहरात घर, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग आणि विशीतला मुलगा अशी तिन्ही सुखे ज्या कुटुंबाला लाभली आहेत, तेथे दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली एक वाद हमखास रंगतो. दारातल्या जुन्या पिकअपला मोठे टायर घालायचे आणि तिचे खाली झुकलेले नाक उचलून तिला ‘लेव्हल’ करायची, असा चिरंजीवांचा हट्ट असतो. त्यांच्या मोबाइलवर तशा अमेरिकन गाड्यांची चित्रे असतात. वडिलांना त्यात उधळपट्टी दिसते, आणि आईला प्रश्न पडतो तो एवढाच की, आधीच उंच असलेल्या गाडीत आता सासूबाईंना चढवायचे कसे!

तसे पाहिले तर नाशिककरांना या वाहनाचे कौतुक असावे हे योग्यच. स्वातंत्र्यानंतर विलीज जीप जुळवून विकणाऱ्या महिंद्रांचा मोठा कारखाना आमच्या सातपूरला आहे. २००० साली बाजारात आलेली बोलेरो या शहराला घरचीच वाटते. कांदा लासलगावला न्यायचा असो की टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतला, या भागाचा संसार पिकअपच्या पाठीवर चालतो. आणि पाठीवर चालतो, याचाच विसर पडल्यामुळे नाकाचा हा वाद उद्भवला आहे.

रिकामी पिकअप मागून उंच आणि पुढून खाली दिसते, हा दोष नव्हे. मागचे पाटे ओझ्यासाठी केलेले असतात. हौदा रिकामा असताना ते कमानीसारखे ताठ राहतात, माल भरला की दबतात आणि गाडी सपाट होते. तेव्हा कारखान्याने ती ‘लेव्हल’ केलेलीच असते, फक्त भरलेल्या स्थितीत! अमेरिकेत पुष्कळ लोक पिकअप कचेरीत जायला वापरतात. तिच्या पाठीवर बहुधा काही नसते, म्हणून तिचे नाक उचलले तर ती ऐटदार दिसते आणि फारसे बिघडत नाही. आपल्याकडची पिकअप मात्र रिकामी राहिली तर मालकाच्या पोटात गोळा येतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे सांगावे लागले नसते. बैलगाडीत पुढे भार जास्त होऊन जू बैलांच्या मानेवर बसले की गाडी ‘धुरजड’, आणि मागे भार जास्त होऊन जू वर उचलू लागले की ‘उलाळ’. पोती भरताना अनुभवी गडी एखादे पोते वीतभर पुढे सरकवी, पुन्हा जू हाताने उचलून पाही आणि मगच बैल जोडी. हे दोन्ही शब्द आता कोशात जाऊन बसले आहेत. माझ्या वर्गात विचारले तर शंभरात दोघांना ठाऊक नसतात. शब्द गेले, पण भाराचा नियम काही त्यांच्याबरोबर गेला नाही.

निफाडकडच्या एका बागायतदाराच्या मुलाने गेल्या हंगामापूर्वी गाडीचे नाक दोन इंच उचलून घेतले. गॅरेजच्या दारात गाडी देखणी दिसली. मग द्राक्षांचे क्रेट भरले, मागचे पाटे दबले, आणि गाडी झाली चक्क उलाळ. सुकाणू हलके लागू लागले, कारण पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला होता. आणि वळणारी चाके तर पुढचीच. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबविण्याचे मोठे काम हीच चाके करतात. शिवाय दिव्यांचे झोत आभाळाकडे गेले. वणीच्या रस्त्यावर रात्री समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या कुटुंबाला क्षणभर काही दिसत नाही ते अशाच झोतामुळे. वडिलांनी महिन्याभरात नाक पूर्ववत करून घेतले. मुलगा रुसला, पण कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने त्यालाच उतरायचा होता.

आता टायरचे गणित पाहू. ते सोपे आहे. टायरवर ‘२१५/७५ आर १५’ असे लिहिलेले असते. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि आतली रिम १५ इंचांची. याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ घातला तर तो ७३३ होतो. वाढ ३० मिलिमीटरची, पण कणा वर उचलला जाईल तो तिच्या निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर. बोटाचे एक पेरही नव्हे! पावसाळ्यात बागेतल्या काळ्या चिखलात मागच्या कण्याचा गोळा घासतो तो एवढ्यानेच सुटेल. नुसते नाक उचलून तर मागचा कणा तसूभरही वर येत नाही. उलट, वेगदर्शकावर साठ दिसतील तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टने धावत असेल, आणि चाक मोठे झाल्यामुळे चढावर इंजिनाला जास्त दम लागेल. पुरते वळविल्यावर टायर मडगार्डला घासतो का, हे भरल्या गाडीने दोन्ही बाजूंना पाहिलेच पाहिजे.

पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावा. वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास सुटे चाक करणारे लोक होते. त्या रस्त्याचे नाव आपल्या ‘स्टेपनी’त आजही फिरते आहे. चार चाके एका मापाची आणि स्टेपनी दुसऱ्या, अशी गाडी पंक्चर झाल्यावर लंगडतच घरी येते.

जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र चिरंजीवांचे म्हणणे कधीकधी खरे असते. पंधरा वर्षांत पुढच्या स्प्रिंगा खरोखरच थकतात. ओळखायचे कसे? सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजावी, एकदा रिकामी असताना आणि एकदा नेहमीचा माल भरून. पुढची एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल, तर दुखणे स्प्रिंगेचे. मग तुकडे घालून किंवा पिळाची सळई आवळून नाक वर करण्यापेक्षा स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीने बदलावेत. आवळलेल्या सळईने गाडी उंच होते, पण धक्के झेलायची जागा कमी होऊन ती आदळू लागते.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. तेव्हा खरेदीआधी कंपनीच्या पुस्तिकेत कोणती मापे मान्य आहेत आणि टायरवरचा भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना, हे पाहून घ्यावे. काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून, नेहमीचा माल भरलेल्या गाडीचे दिवे भिंतीसमोर लावून पुन्हा खाली वळवावेत.