मुंबईचे राग आणि शिकागोचं 'ॲसिड हाऊस': एका छोट्या यंत्राने संगीत कसं बदललं?

क्लबमध्ये एखादं गाणं सुरू असतं. तोच बेस पुन्हा पुन्हा फिरत राहतो, तरी नाचणारे थांबत नाहीत. ही फिरती सुरावट ज्या यंत्राची देणगी आहे, त्याचं नाव सिक्वेन्सर.

सिक्वेन्सर म्हणजे काय?

सिक्वेन्सरचं काम आवाज काढण्याचं नाही. कोणता स्वर कधी वाजवायचा, एवढंच तो सिंथेसायझरला सांगतो. तीनतालाच्या १६ मात्रा आठवा. सिक्वेन्सरमध्येही असेच ठरावीक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक स्वर भरायचा किंवा तो रिकामा ठेवायचा. शेवटचा कप्पा संपला की यंत्र आपोआप पुन्हा समेवर येतं.

मूग कंपनीच्या '९६०' या सुरुवातीच्या सिक्वेन्सरमध्ये फक्त ८ कप्पे आणि ३ ओळी होत्या. प्रत्येक कप्प्याचा स्वर बटण फिरवून लावावा लागे. मेमरी नव्हती, त्यामुळे बटण हललं की चाल गेली!

यातून नवीन काय मिळालं?

माणूस वाजवताना थकतो, लय किंचित पुढेमागे होते. यंत्राचं तसं होत नाही. जर्मनीच्या 'टँजरिन ड्रीम'ने १९७४ च्या 'फेड्रा' अल्बममध्ये हाच यांत्रिक ठेका वापरला. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी गायिका डोना समरसोबत 'आय फील लव्ह' केलं. त्यात आवाज समरचा आणि ड्रमचा मुख्य ठोका माणसाने वाजवलेला. बाकी जवळपास सगळं मूग सिंथेसायझरवर तयार झालं होतं.

फसलेलं यंत्र

१९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने 'टीबी-३०३' आणलं. यात सिंथेसायझर आणि १६ कप्प्यांचा सिक्वेन्सर एकाच डब्यात होता. सोबत बेस वाजवणारा कुणी नसेल, तर गिटारवादकाला साथ मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण आवाज खऱ्या बेस गिटारसारखा नव्हता. शिवाय स्वर आधी आणि त्यांची लय नंतर, असं दोनदा भरावं लागे. जरा चूक झाली की भलतीच चाल ऐकू यायची. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं आणि जुनी यंत्रं स्वस्तात विकली जाऊ लागली.

त्यातलंच एक शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाच्या हाती लागलं. डीजे पिअर आणि त्याच्या साथीदारांनी चाल तशीच फिरत ठेवली आणि आवाजाची बटणं मात्र भरपूर फिरवली. त्यातून चिरका, वळवळणारा आवाज निघाला. १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली आणि 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जगभर पोहोचला.

आणि मुंबई?

त्याच्या ५ वर्षं आधी, १९८२ मध्ये मुंबईत हेच यंत्र वाजलं होतं. हिंदी सिनेमांच्या गाण्यांत साथ करणारे वादक चरणजित सिंग यांनी 'टीबी-३०३', 'टीआर-८०८' हे ड्रम मशीन आणि 'ज्युपिटर-८' हा सिंथेसायझर एकत्र आणून 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. ललत, भूपाळी असे १० राग आणि खाली यंत्राचा ठेका. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची 'स्लाइड'ची सोय या यंत्रात होती. मींड ऐकलेल्या कानाला ती ओळखीची वाटते.

तेव्हा हा अल्बम फारसा कुणी विकत घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा बाजारात आला, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. 'ॲसिड हाऊसचा खरा जनक भारतीय' अशा पोस्ट आजही फिरतात.

मग श्रेय कुणाचं?

सिंग यांचा अल्बम शिकागोपर्यंत पोहोचला होता, असा पुरावा नाही. नाचण्याच्या संगीताचा नवा प्रकार शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनीच उभा केला. सिंग यांनी त्यांच्या आधी, आपल्या रागांच्या वाटेने जाऊन मिळताजुळता आवाज गाठला. दोघांच्या हातात यंत्र एकच होतं आणि त्याच्या मर्यादाही त्याच होत्या. म्हणून सिंग यांना शिकागोचा जनक ठरवण्याची गरज नाही. त्यांचं काम स्वतःच्या बळावर मोठं आहे.

चरणजित सिंग यांचं २०१५ मध्ये मुंबईत निधन झालं. त्याआधी परदेशातल्या मंचांवर हे राग पुन्हा वाजवण्याची संधी त्यांना मिळाली होती.