भोपळा, तून आणि जवारी

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत लाकूडकाम बोलायला शिकलं ते शिकलगारांच्या हाती. हत्यारं घडवणारी, धार लावणारी ही घराणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांच्या पुढाकाराने तंतुवाद्यांकडे वळली. पटवर्धन संस्थानच्या संगीतप्रेमामुळे या कामाला आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसारखे गवई मिरजेत राहिले, त्यामुळे वाद्य पारखणारा कानही कारागिरांच्या दारातच आला.

कामाची सुरुवात मात्र शेतात होते. जाड सालीचे कडू भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वाळलेला भोपळा कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आकार द्यायचा आणि पुन्हा वाळू द्यायचा. गळा, दांडी आणि भोपळ्याचं तोंड झाकणारी तबली तुनाच्या लाकडाची. लाकूड नीट मुरलेलं नसेल, तर तारांच्या ताणाने दांडी वाकते. इथे घाई करणारा कारागीर टिकत नाही.

खरी कसोटी शेवटी, जवारीला. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, उतरता माथा कानसेने अगदी हलका घासत जायचं आणि दर वेळी तार छेडून ऐकायचं. तार त्या उतारावर किंचित घासत कंप पावते, म्हणून तंबोऱ्याचा स्वर भरून येतो. दोन घासण्या जास्त झाल्या की आवाज बसतो. हे मोजमाप कुठल्याही पट्टीवर नाही. ते वडिलांशेजारी बसूनच शिकावं लागतं.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते फार आधीच मिळायला हवं होतं.