आमरीचा गोतावळा

१८८३च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या बेटावरची झाडेझुडपे तप्त राखेखाली गाडली गेली. १८९७मध्ये तिथे पोचलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना राखेच्या उतारांवर जमिनीवर वाढणाऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, आढळल्या. जावा-सुमात्राचे किनारे सुमारे ४० किलोमीटर दूर. समुद्र ओलांडून आलेल्या त्या आमऱ्यांमध्ये एक होती स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा.

कोकण-गोव्यातल्या, मुंबईतल्या रोपवाटिकांत ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून मिळते ती हीच. सुपारीच्या कोवळ्या रोपासारखी चुण्यांची पाने, जमिनीलगत कंद आणि उंच दांड्यावर जांभळी-गुलाबी फुले. तिचे मूळ घर उष्ण कटिबंधीय आशियापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेले आहे. आमरी म्हटली की आपल्याला झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. फांदी तुटली की तिचे घरच गेले. स्पॅथोग्लॉटिसला मात्र उघडी माती चालते, कापलेला रस्ता चालतो, दरड कोसळलेला उतारही चालतो.

तिच्या या चिवटपणामागे दोन गोष्टी आहेत. पहिली, बी. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात रोपासाठी अन्नाचा साठा नसतो, म्हणून मातीतल्या बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. पण वजनच नसल्याने ते वाऱ्यावर दूरवर जाते, आणि एका बोंडात अशी हजारो बीजे असतात. दुसरी गोष्ट परागणाची. कित्येक आमऱ्या एखाद्या ठरावीक कीटकावर विसंबून असतात. या आमरीचे फूल मात्र पुष्कळदा स्वतःच्याच परागांनी फळते. एकटे रोप परक्या मुलखात पडले, तरी त्याचा वंश चालू राहतो.

बागांच्या हौसेने ती कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर नेली. कुंडीतून आणि वाफ्यातून निसटून ती रस्त्यांच्या कडांवर आणि जंगलांच्या उघड्या जागांत स्थिरावली. तिथल्या विद्यापीठातले जेम्स अॅकरमन आणि त्यांचे सहकारी यांनी तिचा पाठपुरावा केला. ब्लेटिया पाटुला ही त्या बेटावरची मूळची, जमिनीवरचीच आमरी. नवी आमरी तिची जागा बळकावते का, हा ओघाने येणारा प्रश्न. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळीच वाट दाखवली.

त्या बेटावर आमऱ्यांची फुले खाणारा स्टेथोबॅरिस नावाचा एक सोंडकिडा आहे, आपल्या माडाचे खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या दूरच्या भावकीतला. नव्या आमरीच्या फुलांनी त्याला मुबलक खाद्य मिळाले. संख्या वाढलेले हे किडे शेजारच्या ब्लेटियावरही उतरले. जिथे स्पॅथोग्लॉटिस होती, तिथे ब्लेटियाचे नुकसान वाढले आणि फळे कमी धरली. दोघींमध्ये मातीसाठी झगडा नव्हता. पाहुणीच्या पंगतीला जमलेल्यांनी यजमानिणीचे घर लुटले.

मग पाहुणीचे काय? तिलाही सोंडकिडा खातोच. पण तिच्या फुलोऱ्यावर गोड रस पाझरतो, त्याला मुंग्या लागतात आणि मुंग्यांचा वावर किड्यांना जाचतो. या राखणदारांत दक्षिण अमेरिकेतून आलेली तांबडी आगमुंगीही आहे, म्हणजे तीही त्या बेटावर उपरीच. एका उपऱ्याने दुसऱ्याला पाय रोवायला मदत केली.

बाहेरून आलेल्या झाडाकडे पाहताना त्याने किती जागा व्यापली, हे आपण मोजतो. ते पुरेसे नाही. त्याच्यावर कोणाचे पोट भरते, त्याची राखण कोण करते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा सगळा गोतावळा पाहावा लागतो. क्राकाटोआच्या राखेत स्पॅथोग्लॉटिसचे येणे म्हणजे जीवनाचे पुनरागमन होते. पोर्तो रिकोत तोच गुण, तेच बी, तोच वारा ब्लेटियाच्या मुळावर उठला. दोष फुलाचा नाही. जोखीम आहे ती त्याला उचलून नेणाऱ्या आपल्या हातांत.

सह्याद्रीच्या सड्यांवर आणि गवताळ उतारांवर पावसाळ्यात आपल्या जमिनीवरच्या आमऱ्या फुलतात. त्यांचेही किडे, बुरशी, मुंग्या असा पिढ्यानपिढ्यांचा गोतावळा आहे. म्हणून रानाला लागून घर असेल, तर कुंडीतल्या आमरीची फुले गळाल्यावर बोंडे वाळून फुटण्याआधी दांडा छाटावा. फुलांचे सुख त्याने कमी होत नाही. धुळीसारखे बी वाऱ्यावर गेले, की ते परत वेचता येत नाही.