आधी अर्थिंग, मग रिले

सेल्फ मारला की चोकची वायर चटका बसेल इतकी तापते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, चोकमध्येच काहीतरी गडबड आहे. चोक बिचारा निर्दोष असतो. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. विजेच्या हिशेबानं ते बॉडीपासून अलग. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जाते आणि बॉडीपासून इंजिनला तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी येते. ती पट्टी सडली, किंवा क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवताना कुणी सोडली आणि परत कसायची राहिली, की सेल्फ ओढतो तो शे-दीडशे अँपिअरचा करंट परतीची दुसरी वाट धरतो. इंजिन आणि बॉडीला जोडणारं धातूचं जे काही हाताशी असेल ते: चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल. मी पाहिलेल्या एका गाडीत चोकच्या तारेवरचं प्लास्टिक वितळून डॅशखाली लोंबत होतं. मालकाची तोवर नवी बॅटरी घेऊन झाली होती, सेल्फही भरून आणला होता. दोष साठ-सत्तर रुपयांच्या पट्टीचा.

ही गाडी ज्यांच्या घरात होती त्यांना ती ‘फियाट’ म्हणूनच ठाऊक. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० तयार होऊ लागली, १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव आलं आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. १०८९ सीसीचं इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी आणि मोजक्या तारा. वायरिंगचा सबंध नकाशा वहीच्या एका पानावर मावतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही उतरली. टॅक्स्या होत्या तोवर या गाडीवर हात बसलेला इलेक्ट्रिशियन मुंबईत कुठल्याही नाक्यावर सापडायचा. आता त्याला शोधत जावं लागतं.

ज्यांच्या शेजारी स्टूल टाकून मी हे काम शिकलो, ते काका पुण्यात नाना पेठेच्या बाजूला बसतात. गाडी आली की ते आधी बॉनेट उघडून नुसते बघत राहतात. हात लावत नाहीत. मूळच्या तारा कुठल्या आणि मागाहून कुणी ओढलेल्या कुठल्या, हे डोळ्यांनीच वेगळं करतात. कारखान्यातली तार क्लिपांमधून, कडेकडेनं, वळसे घेत जाते. मागाहून आलेली तार जवळची वाट धरते. त्यात घरातल्या फिटिंगची लाल-काळी वायर असते, उन्हानं पघळून चिकट झालेली टेप असते आणि टेपखाली दोन टोकांचा नुसता पिळा.

“हॉर्न डायरेक्ट, वायपर डायरेक्ट, टेप डायरेक्ट,” काका म्हणाले. “फ्यूजबॉक्स काय शोभेला ठेवलाय का?”

त्या फ्यूजबॉक्सकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. आतले फ्यूज आजच्यासारखे रंगीत चपटे नसतात. बोटाच्या पेराएवढी कांडी, तिच्या अंगावरून धातूची उघडी पट्टी, दोन्ही टोकं निमुळती आणि ती टोकं पितळी पात्यांच्या खोबणीत फक्त दाबाच्या जोरावर बसलेली. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. धातूला धातू चिकटतो तो ठिपक्याएवढ्या जागेत. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत त्या ठिपक्यावर हिरवट थर चढतो, पाती ढिली पडतात, आणि मग फ्यूज शाबूत असूनही खड्ड्यात चाक आदळलं की दिवे जातात आणि पुढच्या खड्ड्यात परत येतात. काका फ्यूज बाहेर काढत नाहीत. आधी तो जागच्या जागी चिमटीत धरून गोल फिरवतात. दिवे लागले की रोग कळला. मग पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळून खोबण घासायची, पाती पकडीनं आत वाकवायची, नवा फ्यूज. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज मिळाला की ते तो मालकाच्या तळहातावर ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात.

आता ‘गाडीचा उजेड कमी पडतो’ ही तक्रार. जुन्या गाडीचा मालक या तक्रारीवर पहिला उपाय करतो तो जास्त वॅटचा बल्ब. बाजारात ९०/१०० वॅटचे हॅलोजन सर्रास मिळतात, नियमात बसत नसले तरी. तो लावला की चार दिवस बरं वाटतं. पाचव्या दिवशी होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जळका वास येतो.

आमच्या गाडीवर आम्ही बल्ब बदलायच्या आधी मीटर लावला. इंजिन चालू, हेडलाइट चालू, साधा ६०/५५ वॅटचा बल्ब. बॅटरीच्या खुंटांवर १३.४ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १०.९. अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगानं पडतो. १० टक्के व्होल्टेज घटलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. आमच्या हिशेबानं दिवा निम्म्या तेजानं जळत होता. अशा वेळी तिथे सूर्य आणून लावला तरी काय होणार?

मग टप्प्याटप्प्यानं मोजत गेलो. मीटरची एक सुई टप्प्याच्या अलीकडे, एक पलीकडे, दिवा जळत असतानाच. दिवा बंद ठेवून मोजलं तर सगळं ठणठणीत दिसतं. करंट वाहत असेल तेव्हाच तोटा दिसतो. फ्यूजच्या खोबणीत ०.४ गेले. स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये ०.९. तारेत आणि तिच्या सांध्यांत ०.६. उरलेले ०.६ अर्थिंगमध्ये, म्हणजे हेडलाइटच्या मागून बॉडीला स्क्रूनं कसलेल्या त्या काळ्या तारेत, जिच्याकडे कुणीच बघत नाही. त्या स्क्रूखाली कधीतरी गाडी रंगवताना रंग गेला होता, वर गंज. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वायसर घातला, नवा लग दाबून बसवला, वरून व्हॅसलीन चोपडलं. खर्च शून्याच्या जवळपास, आणि अर्धा व्होल्ट परत आला. स्विचमधल्या ०.९ चं मात्र वेगळं होतं. साडेआठ अँपिअर गुणिले ०.९ म्हणजे जवळपास ८ वॅट, दिवा जळतोय तोवर अखंड, त्या चिमुकल्या स्विचच्या पोटात उष्णता होऊन बसलेले. जास्त वॅटच्या बल्बानं स्विच का जळतो ते इथे आकड्यांत दिसतं.

त्याला उपाय रिलेचा. स्विचमधून दिव्याचा करंट न्यायचाच नाही. स्विचनं फक्त रिलेला इशारा करायचा. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात आणि ते जगभर सारखेच: ३० ला बॅटरीकडची तार, ८७ वरून दिव्याला, ८६ ला स्विचकडून आलेली जुनी तार, ८५ अर्थला. कॉइलला लागतो पाव अँपिअरच्या आतला करंट, म्हणजे जुना स्विच आणखी वीस वर्षं काढेल. एक रिले अप्परला, एक डिप्परला. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची मोटारीची तार, घरातली नव्हे; घरातली जाड तारांची असते, हादऱ्यानं आतल्या आत तुटते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणी नाही. काका डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज देतात. खंबाटकी घाटात दोन्ही दिवे एकदम गेले तर काय, हे त्यांचं कारण. रिले बसवताना पाय खाली, तोंड वर, म्हणजे पाणी आत साचत नाही. सांधे सगळे दाबून. डाख दिलेली तार डाखाच्या कडेला ताठ होते आणि तिथेच मोडते असं त्यांचं ठाम मत, आणि मला ते पटतं. शेवटी होल्डरवर १३ व्होल्ट भरले. बल्ब तोच.

इथवर गाडीत नवं म्हणावं असं फारसं काही आलेलं नाही. जे मुळात मिळायला हवं होतं ते दिव्यापर्यंत पोचलं, इतकंच. खरी सुधारणा डायनामोपासून सुरू होते, आणि तिथे आधी कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

जुन्या फियाटवरचा डायनामो इंजिन भरात असताना वीस अँपिअरच्या आसपास देतो. आता पावसाळ्यातली रात्र धरा. डिप्पर ९, मागचे-पुढचे छोटे दिवे आणि डॅश मिळून अडीच, इग्निशन ३, वायपर ४, ब्रेकवर पाय असेल तर साडेतीन. बेरीज २२. त्यात फोनचा चार्जर, टेप. आणि सिग्नलला इंजिन सावकाश फिरत असताना डायनामोकडून मिळतं जवळपास काहीच नाही. डॅशवरचा लाल दिवा लागतो, कटआउट डायनामोला बॅटरीपासून तोडतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. म्हणजे सायनपासून दादरपर्यंत तुंबलेल्या पाण्यात तासभर अडकलेली गाडी पुढे ढकलावीच लागायची, यात डायनामोचा दोष नव्हता. तो मोकळ्या रस्त्यासाठी केलेला होता.

अल्टरनेटर सावकाश फिरतानाही चार्जिंग करतो. जुन्या गाड्यांना बसणारा ३६ अँपिअरचा लहान अल्टरनेटर पुरतो; हल्लीच्या छोट्या गाडीचाही काही जण बसवतात. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्यावं लागतं आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. पुली वॉटरपंपाच्या आणि क्रँकच्या पुलीशी एका रेषेत नसेल तर पट्टा आठवडाभरात कडेनं उसवतो. सरळ पट्टी तिन्ही पुल्यांवर टेकवून बघायची, एवढं सोपं आहे. मेन तारही ६ चौरस मिलिमीटरची करावी लागते. जुनी तार जुन्या करंटापुरतीच होती. आणि डॅशवरचा तो लाल दिवा फक्त इशाऱ्याचा राहत नाही. अल्टरनेटर जागा होतो तो त्या बल्बमधून आलेल्या थोड्या करंटावर. दहा रुपयांचा बल्ब उडाला की चार्जिंग बंद, आणि माणूस रेग्युलेटर बदलत बसतो. आणखी एक: इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची गॅरेजातली जुनी युक्ती डायनामोच्या काळात खपून जायची, अल्टरनेटरचे डायोड त्यात जातात.

म्हणून डायनामो टाकूनच द्यावा असंही नाही. रविवारी सकाळी पाषाणपर्यंत जाऊन चहा पिऊन येणाऱ्या गाडीला तो भरपूर आहे. कार्बन वेळेवर बदलावेत, कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्यानं साफ कराव्यात, कटआउटचे पॉइंट घासावेत. रात्रीचा प्रवास, पाऊस, शहरातली कोंडी, यातलं काही असेल तर अल्टरनेटर. दोन्हीकडचे कट्टर लोक माझ्यावर नाराज होतील, होवोत.

एलईडीबद्दल थोडक्यात. मागच्या आणि डॅशच्या दिव्यांना चांगली, करंट वाचतो. इंडिकेटरला लावली की जुना फ्लॅशर रुसतो, कारण तो २१ वॅटच्या बल्बांनी तापूनच लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेतला की मिटलं. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडीचा बल्ब मात्र नको. प्रकाशाचा उगम जिथे असायला हवा तिथे तो असतोच असं नाही, आणि मग रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जास्त पडतो.

राहिला इग्निशनचा प्रश्न. डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवता येतो. स्पार्क एकसारखा पडतो, पॉइंटचं अंतर पुन्हा पुन्हा लावावं लागत नाही, थंडीत गाडी पटकन उठते. हल्ली मिळणारे कंडेन्सर ज्या गतीनं मरतात ते बघता हा सौदा वाईट नाही. तरी मी पॉइंटवरच राहिलोय. इलेक्ट्रॉनिक संच गेला तर तो जाताना काहीच सांगत नाही, आणि ताम्हिणीच्या वळणावर त्याला कुणीच काही करू शकत नाही. पॉइंट काजळले तर काडेपेटीच्या कडेनं घासता येतात, फिलर गेज नसेल तर जाड कागदाच्या घडीनं अंतर अंदाजे लावून घरी येता येतं. काकांना विचारलं तर ते म्हणतात, “तुम्हाला गाडी चालवायचीय की दुरुस्त करायचीय, ते आधी ठरवा.” त्यांच्या स्वतःच्या फियाटमध्ये इलेक्ट्रॉनिक संच आहे आणि डिकीत डब्यात जुने पॉइंटही आहेत.