खटल्याविना तुरुंगात, अन्नाविना लढ्यात

इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँकमध्ये लष्करी अधिकाऱ्याच्या एका सहीने माणसाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात ठेवता येते. त्यासाठी आरोपपत्र लागत नाही, खटलाही चालवावा लागत नाही. मुदत संपत आली की त्याच आदेशाला आणखी सहा महिने जोडता येतात, आणि हे किती वेळा करावे याला कायद्यात मर्यादा नाही. या पद्धतीला प्रशासकीय स्थानबद्धता म्हणतात. तिच्याविरुद्ध अनेक पॅलेस्टिनी कैद्यांनी प्राणांतिक उपोषणे केली आहेत. त्या काळात तुरुंगात आणि इस्पितळात त्यांना मिळालेली वागणूक हा गेल्या दीड दशकात आंतरराष्ट्रीय टीकेचा विषय राहिला आहे.

या तरतुदीचे मूळ ब्रिटिश आमदनीत आहे. पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल असताना १९४५ मध्ये संरक्षण व आणीबाणीविषयक नियम लागू झाले. त्या काळात ज्यू भूमिगत संघटनांची माणसेही अशीच विनाखटला कोंडली जात होती. इस्रायल स्थापन झाल्यावर नियम टिकले, फक्त वापरणारे हात बदलले. खुद्द इस्रायलच्या हद्दीसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. वेस्ट बँकमध्ये लष्करी आदेश चालतात, तर गाझातील लोकांसाठी २००२ चा ‘बेकायदा लढवय्यां’चा कायदा वापरला जातो.

वेस्ट बँकमध्ये स्थानबद्धाला आठ दिवसांच्या आत लष्करी न्यायाधीशापुढे उभे केले जाते. कागदावर हे संरक्षण आहे. पण शिन बेत या गुप्तचर यंत्रणेची फाईल फक्त न्यायाधीश पाहतो, कैद्याला आणि त्याच्या वकिलाला तिचा जेमतेम सारांश मिळतो. आपण काय केले म्हणून आत आहोत हेच ठाऊक नसेल तर बचाव कशाचा करायचा? पुढे लष्करी अपील न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय असे दरवाजे आहेत, परंतु तिथून आदेश रद्द झाल्याची उदाहरणे विरळाच. भारतीय वाचकाला आणीबाणीतला मिसा आठवेल. आपल्या राज्यघटनेतही प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहेच, तेव्हा ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही.

इस्रायल सरकारचे म्हणणे असे की, हल्ला होण्याआधीच तो रोखायचा असतो आणि पुरावा उघड केला तर खबऱ्यांचे जीव धोक्यात येतात. उपोषण करणारे बहुतेक जण इस्लामिक जिहाद, हमास अशा सशस्त्र संघटनांशी संबंधित असल्याचेही ते सांगते. व्याप्त प्रदेशातल्या नागरिकांविषयीचा चौथा जिनिव्हा करार विनाखटला स्थानबद्धतेला पूर्ण बंदी करत नाही. मात्र ‘सुरक्षेची निकडीची कारणे’ असतील तरच तिला मुभा आहे. अपवाद म्हणून ठेवलेली ही वाट इथे राजरस्ता झाली आहे. पहिल्या इंतिफादाच्या (पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात, १९८९ च्या अखेरीस, स्थानबद्धांची संख्या १,७०० च्या पुढे गेली होती. २०१२ च्या सुरुवातीला ती ३०० च्या आसपास होती. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर सुरू झालेल्या युद्धात ती ३ हजारांवर गेली. शिवाय याच करारानुसार व्याप्त प्रदेशातील कैद्याला त्या प्रदेशातच ठेवायला हवे; प्रत्यक्षात मेगिद्दो, केत्झिओत, रामला असे बहुतेक तुरुंग इस्रायलच्या हद्दीत आहेत. वेस्ट बँकमधल्या नातेवाइकांना भेटीसाठी आधी प्रवेशाचा परवाना मिळवावा लागतो.

पॅलेस्टिनी कैद्यांची उपोषणे नवी नाहीत. १९७० च्या आंदोलनात अश्केलोनच्या तुरुंगात अब्दुल कादर अबू अल-फहम यांचा मृत्यू झाला. १९८० मध्ये नेगेवच्या वाळवंटातील नफहा तुरुंगात जबरदस्तीने अन्न भरवण्याच्या प्रयत्नांनंतर रासेम हलावा आणि अली अल-जाफरी हे दोघे दगावले. ती उपोषणे बहुतांशी सामूहिक होती आणि मागण्या अंथरूण, जेवण, भेटी, पुस्तके अशा असत. एकट्या माणसाने थेट स्थानबद्धतेलाच आव्हान देण्याची लाट २०११ च्या डिसेंबरात आली.

ती आणणारा माणूस होता जेनीनजवळच्या अराबा गावचा बेकरीवाला खादर अदनान. तो इस्लामिक जिहादचा प्रवक्ता राहिलेला होता. १७ डिसेंबर २०११ ला त्याला पकडले आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याने अन्न सोडले. चौकशीत अपमान आणि मारहाण झाल्याचा त्याचा आरोप होता. प्रकृती ढासळल्यावर सफेद शहरातील इस्पितळात त्याला हलवले, तिथेही तो साखळीने खाटेला बांधलेला होता. ६६ दिवसांनी, २१ फेब्रुवारी २०१२ ला, स्थानबद्धता वाढवणार नाही या आश्वासनावर त्याने उपोषण सोडले आणि १७ एप्रिलला तो सुटला. त्याच दिवशी, पॅलेस्टिनी कैदी दिनाचे निमित्त साधून, दीड हजारांवर कैद्यांनी सामूहिक उपोषण सुरू केले. इजिप्तच्या मध्यस्थीने १४ मे रोजी समझोता झाला, तेव्हा बिलाल दियाब आणि थाएर हलाहले या दोन स्थानबद्धांच्या उपोषणाचे ७७ दिवस झाले होते. आदल्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांचे अर्ज फेटाळले होते.

फक्त पाण्यावर आणि मिठावर राहिलेल्या शरीराचे काय होते, हे समजल्याशिवाय पुढच्या वागणुकीचा अर्थ लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत यकृतातली साखर संपते. मग चरबी जळू लागते आणि तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. थायमिन हे जीवनसत्त्व संपले की बुबुळे आपोआप हलू लागतात, उलट्या होतात, घोटभर पाणीही ठरत नाही. सुमारे दीड महिन्यानंतर मृत्यू कधीही येऊ शकतो. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली उपोषणात मेलेले दहा कैदी ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान गेले. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली जतीन दास ६३ व्या दिवशी गेले. पॅलेस्टिनी उपोषणांचे आकडे याहून मोठे दिसतात, कारण काही जणांनी अधूनमधून जीवनसत्त्वे, क्षार किंवा सलाईन स्वीकारले. अन्न पुन्हा सुरू करतानाही धोका असतो. घाई झाली तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन हृदय बंद पडू शकते.

अशा अवस्थेतील माणसाशी तुरुंग प्रशासन कसे वागते, याची वर्णने अद्दमीर ही पॅलेस्टिनी संस्था आणि ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स – इस्रायल’ ही इस्रायली डॉक्टरांची संस्था यांनी वर्षानुवर्षे नोंदवली आहेत. ती एकमेकांशी फार जुळतात. उपोषण जाहीर होताच कैद्याला एकांतकोठडीत टाकले जाते. तुरुंगाच्या लेखी उपोषण हा शिस्तभंग असल्याने कुटुंबाच्या भेटी बंद होतात. मीठ काढून घेतले जाते. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात तासन्‌तास लोखंडी बाकांच्या गाडीतून हलवले जाते. भरल्या पोटाच्या माणसालाही हा प्रवास सोसत नाही. बाहेरच्या डॉक्टरला भेटू द्यायचे की नाही यासाठी न्यायालयात जावे लागते. इस्पितळातल्या खोलीत पहारेकरी कैद्यासमोर जेवतात, अशा तक्रारीही आहेत.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट बेड्यांची. बिलाल कायद याने साडेचौदा वर्षांची शिक्षा पूर्ण भोगली. १३ जून २०१६ ला, सुटकेच्याच दिवशी, त्याच्या हाती सहा महिन्यांच्या स्थानबद्धतेचा आदेश पडला. त्याने ७१ दिवस उपोषण केले. अश्केलोनच्या बार्झिलाई इस्पितळात, कूस बदलण्याचीही ताकद नसताना, त्याचे हात-पाय खाटेला जखडलेले होते. चालू न शकणारा माणूस पळून जाईल, या भीतीवर कोणाचाही विश्वास बसणार नाही. बेड्या होत्या त्या हार मानायला लावण्यासाठी, असेच म्हणावे लागते.

डॉक्टरांची कोंडी वेगळी आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९७५ च्या टोकियो आणि १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्यांनुसार, शुद्धीवर असलेल्या आणि परिणाम समजून उपोषण करणाऱ्या माणसाला जबरदस्तीने अन्न भरवणे अनैतिक आहे. तरीही ३० जुलै २०१५ रोजी इस्रायलच्या संसदेने ४६ विरुद्ध ४० मतांनी तशी परवानगी देणारा कायदा केला. इस्रायली वैद्यकीय संघटनेने त्याला उघड विरोध केला. महंमद अल्लान या उपोषण करणाऱ्या वकिलावर त्याच्या इच्छेविरुद्ध उपचार करायला बीरशेबाच्या सोरोका इस्पितळातील डॉक्टर तयार झाले नाहीत, म्हणून त्याला अश्केलोनला हलवण्यात आले. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. डॉक्टरांच्या नकारामुळे तो वापरणे मात्र सरकारला जड गेले. डॉक्टरांची ही ठाम भूमिका या साऱ्या प्रकरणातली एक दुर्मीळ जमेची बाजू आहे.

न्यायालयाने त्याआधीच एक वेगळी वाट काढली होती. कैदी मरणाच्या दारात पोचला की स्थानबद्धता ‘स्थगित’ करायची. ती रद्द होत नाही, आणि माणूस खऱ्या अर्थाने मोकळाही होत नाही. मेंदूला इजा झाल्याचे तपासणीत दिसल्यावर १९ ऑगस्ट २०१५ ला अल्लानची स्थानबद्धता स्थगित झाली. सप्टेंबरमध्ये इस्पितळातून बाहेर पडताच त्याला पुन्हा पकडले. पत्रकार महंमद अल-कीक याने स्थगितीनंतरही अन्न घेतले नाही आणि ९४ दिवस काढले. २०२० मध्ये माहेर अल-अखरस याने १०३, तर जानेवारी २०२२ पर्यंत हिशाम अबू हवाश याने १४१ दिवस काढले. प्रत्येक वेळी शेवट सारखाच झाला: ठरावीक तारखेला सोडू, आदेश वाढवणार नाही, एवढे आश्वासन. आरोप काय होता हे तेव्हाही कळले नाही. म्हणजे मूळ प्रश्न पुराव्याचा. त्याचे उत्तर रक्तदाबाच्या आणि मेंदूच्या तपासण्यांत शोधले गेले.

खादर अदनानने २०१५ आणि २०१८ मध्येही दीर्घ उपोषणे केली. ५ फेब्रुवारी २०२३ ला त्याला पुन्हा अटक झाली. या वेळी त्याच्यावर रीतसर आरोप ठेवले होते, तरी त्याने अन्न सोडले. एप्रिलच्या उत्तरार्धात त्याला तपासून आलेल्या ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’च्या डॉक्टर लीना कासेम-हसन यांनी जीव जाण्याचा धोका सांगून त्याला तातडीने इस्पितळात हलवण्याची मागणी केली. तो तपासणी आणि उपचार नाकारत असल्याचे तुरुंग प्रशासनाने सांगितले. त्याला रामलाच्या तुरुंगातच ठेवले गेले. २ मे २०२३ च्या पहाटे तो कोठडीत बेशुद्ध सापडला आणि सुमारे तीन महिन्यांच्या उपोषणानंतर मरण पावला. तो नऊ मुलांचा बाप होता. त्या दिवशी गाझातून रॉकेटे सुटली आणि इस्रायलने बॉम्बफेक केली.

ऑक्टोबर २०२३ नंतर चित्र आणखी बिघडले. रेडक्रॉसच्या भेटी बंद झाल्या आणि कैद्यांचे जेवण तोडण्यात आले. अन्न नाकारणे हे ज्यांच्या हातातले शेवटचे हत्यार होते, त्यांची आता सरकारच उपासमार करत असल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की, सरकार पॅलेस्टिनी कैद्यांना जगण्यापुरते अन्न देण्याचे कर्तव्य पाळत नाही. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, संरक्षणमंत्री इस्रायल कात्झ यांनी वेस्ट बँकमधील ज्यू वसाहतवाल्यांविरुद्ध प्रशासकीय स्थानबद्धता वापरणे बंद केले. पॅलेस्टिनींसाठी ती चालूच आहे.