माथ्यावर पाणी अडवणारे फादर

फादर म्हटलं की आपल्याला चर्च आठवतं. पण येशूसंघाचे फादर हर्मन बाखर यांचं निम्मं आयुष्य बांधावर गेलं. हे मूळचे स्वित्झर्लंडचे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही संघाची व्रतं. १९४८ साली ते भारतात आले आणि अहमदनगरच्या दुष्काळी गावांतले झाले. विहीर खोदली, तरी तिला झरा कुठून येणार? म्हणून पाऊस आधी डोंगरावर जिरवायचा. माथा ते पायथा काम करायचं. त्यासाठी गावाने आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. पुढे १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली.

आपल्या धुळ्याला यात परकं काही नाही. पांझरेवरची फड पद्धत शेकडो वर्षं चालली, ती बंधाऱ्याच्या दगडांइतकीच पाळीने पाणी घेण्याच्या शिस्तीमुळे. आज आपण शेजाऱ्याहून खोल बोअर घेतो, आणि दोघेही कोरडे पडतो. फादरांच्या सेवेतून आपण एवढं घ्यावं: बंधारा पैशाने होतो, पाणी मात्र गावकीनेच टिकतं.